शिक्षण संपले, आता कायक कोणते?



शिक्षण संपले की पुढे काय, हा प्रश्न आज घरोघरी आहे. गेल्या दोन पिढ्यांत आपल्या समाजाने पोटाला चिमटा घेऊन मुले शिकविली. मुलाच्या हाती पदवी आली की बापाला वाटते, आता आपण सुटलो. मुलाला मात्र तेव्हाच कळते की आपण आता अडकलो. आजवर पुढची इयत्ता कोणती हे ठरलेले होते, ते आता कोणी सांगत नाही. या प्रश्नाचे उत्तर शरणांच्या वचनांत सापडते काय, याचा विचार आज आपण करू. हा विचार माझ्या मनात ज्या प्रसंगाने आला, तो आधी सांगतो. त्यात माझी थोडी फजिती आहे, तीही लपवीत नाही.

काही दिवसांपूर्वी एका नातलगाच्या घरी लिंगदीक्षेच्या निमित्ताने हैदराबादेस विद्यानगरला जाणे झाले. रेल्वेने गेलात तर काचीगुड्याच्या अलीकडे हे लहानसे स्थानक लागते. नावाप्रमाणेच ही वस्ती विद्यार्थ्यांची आहे. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ येथून हाकेच्या अंतरावर आहे. निजामी राजवटीत मराठवाड्याच्या पाचही जिल्ह्यांना मोठे विद्यापीठ म्हणजे हेच होते. राज्ये बदलली, सरहद्दी बदलल्या, तरी सीमेलगतच्या तालुक्यांतून आपली मुले अजून इकडे येतात. तिघे-चौघे मिळून खोली घेतात, खानावळीचा डबा लावतात आणि अभ्यास करतात.

अशाच एका मुलाशी तेथे गाठ पडली. त्याने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. शिक्षण संपून तीन वर्षे झाली. तीन वर्षे तो स्पर्धा परीक्षांच्या मागे आहे. गावी वडिलांची कोरडवाहू जमीन आहे, धाकट्या बहिणीने बारावीनंतर घरी बसून दोन वर्षे झाली, कारण दोघांचा खर्च पेलत नाही. मध्यंतरी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्याला काम मिळत होते, त्याने ते घेतले नाही. मी कारण विचारले. तो म्हणाला, "काका, त्यात मन रमेल असे वाटले नाही. जन्मभर करायचे ते काम समाधान देणारे नको का?"

मी लगेच उपदेशाला बसलो. कोणतेही काम लहान नसते, शरणांनी कायकालाच पूजा मानले, मिळेल त्या कामात समाधान मानावे, असे बरेच काही बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, येथून जवळच शिवम् रोडला आयटीआयचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था आहे. तेथे लोक हाताचे काम शिकतात आणि शिकवायलाही शिकतात. तुमच्या मुलाला हाताच्या कामाची आवड आहे म्हणता. मग त्याला तुम्ही आयटीआयला का नाही घातले?"

वाचकहो, माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझा मुलगा लहानपणापासून पंखा, मिक्सर, शेतातली मोटार खोलून दुरुस्त करतो. त्याला अकरावी विज्ञानाला घातले ते मीच. शिकवणीचे पैसे भरले तेही मीच. नुलिय चंदय्यांच्या जयंतीस मी भाषण करतो, आणि चंदय्या तर गवत कापून दोर वळणारे शरण! त्या रात्री मला झोप लागली नाही. परत आल्यावर शरणांची चरित्रे या एका प्रश्नासाठी पुन्हा वाचली. जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवतो.

कामात समाधान कोठून येते?

त्या मुलाचा समज असा की समाधान हे कामाच्या आत आधीपासून भरून ठेवलेले असते. आपण फक्त योग्य काम हुडकून काढावयाचे, की ते आपल्याला मिळते. म्हणून तो दारातच उभा राहून आत डोकावतो आणि मन रमेलसे दिसत नाही म्हणून परततो. पण दारात उभे राहून कोणत्या घरात आपण रमू हे कसे कळावे?

महात्मा बसवेश्वरांचेच चरित्र पाहा. बागेवाडीचे घर सोडून ते कुडलसंगमास गेले, तेथे त्यांनी विद्याभ्यास केला. अभ्यास संपल्यावर ते कोठे गेले? आपल्या मंगळवेढ्यास. चरित्रकार सांगतात की बिज्जळाच्या दप्तरात त्यांनी करणिकाची, म्हणजे हिशेब लिहिण्याची, नोकरी धरली. ज्याच्या अंतःकरणात अनुभव मंटपाचे बीज होते, त्याने आरंभ केला तो जमाखर्चाच्या वहीपासून. हिशेब हे त्यांचे जीवितकार्य नव्हते. पण त्या वहीत एक आकडा खोटा लिहिला नाही, म्हणून राजाचे भांडार त्यांच्या हाती आले. भांडार हाती आले म्हणून राज्याचा पैसा कोणाकडून येतो आणि कोणाकडे जातो हे त्यांना दिसले. कल्याणला जे घडले त्याची वाट मंगळवेढ्याच्या वहीतून गेली आहे. मनासारखे काम मिळेपर्यंत ते संगमावरच बसून राहिले असते तर?

यावर कोणी म्हणेल, ते महापुरुष होते, आणि काळही वेगळा होता. तर मग आपल्या काळातील, आणि याच विद्यानगरशी नाते असलेली दोन माणसे पाहू.

विद्यानगरला आंध्र महिला सभेचे मोठे रुग्णालय आहे. त्याला दुर्गाबाई देशमुख यांचे नाव आहे. दुर्गाबाई मूळच्या राजमहेंद्रीच्या, जन्म १९०९ चा. त्यांचे पती चिंतामणराव देशमुख हे महाड तालुक्यातील नाते गावचे, आपले मराठी. दोघांचा विवाह १९५३ साली झाला, आणि दोघांनीही अखेरचा काळ हैदराबादेत काढला. दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत, म्हणूनच त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले. पुढे केंब्रिजला गेले आणि तेथे त्यांचा विषय होता वनस्पतिशास्त्र! त्यातही त्यांनी पारितोषिक मिळविले. संस्कृतची गोडी तर जन्मभराची. आजच्या भाषेत त्यांची आवड म्हणावी ती झाडे आणि काव्य. पण १९१८ साली ते आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात महसुलाचे काम करू लागले. पुढे रिझर्व्ह बँकेत गेले, १९४३ साली तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० साली देशाचे अर्थमंत्री झाले. जमीनमहसूल, चलन, अंदाजपत्रक यांत वनस्पतिशास्त्र कोठे आले? पण त्यांची आवड मेली नाही. मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांनीच केला. पोटाचे काम आणि आवड एकाच जागी मिळाली पाहिजेत असा त्यांचा हट्ट नव्हता. एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरे धरून त्यांनी दोन्ही सांभाळले. आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर आपले मन सरकारच्या निर्णयास मान्य होईना, तेव्हा अर्थमंत्रिपद सोडण्यास त्यांना वेळ लागला नाही. मन लावून काम करणारा माणूसच वेळ आली की ते सोडूही शकतो.

दुर्गाबाईंचे अगदी निराळे. आठव्या वर्षी लग्न लावून दिलेली ही मुलगी पुढे ते लग्न नाकारते, आणि लहान वयातच मुलींसाठी हिंदीची शाळा काढते. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाते. तेथे तिला अशा स्त्रिया भेटतात, ज्यांना आपण कशासाठी शिक्षा भोगतो हेही धड ठाऊक नाही. या बायकांच्या उपयोगी पडायचे तर कायदा यावयास हवा, हे तिला तेथे कळते. मग सुटून आल्यावर बाहेरून बनारसची मॅट्रिक, पुढे एम.ए. आणि १९४२ साली कायद्याची पदवी. मॅट्रिकला बसू पाहणाऱ्या बायकांना शिकविताना मद्रासला १९३७ साली आंध्र महिला सभा उभी राहिली. दुर्गाबाई घटना समितीवर गेल्या, १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्या शिकवणीच्या खोलीतून निघालेली वाट आज विद्यानगरच्या रुग्णालयापर्यंत आली आहे. मला काय आवडते हा प्रश्न विचारण्याइतकी फुरसत त्यांना मिळालीच नाही. समोर कोणाचे काय अडले आहे, हे त्या पाहत गेल्या.

एक परीक्षेच्या दारातून आत आले, दुसऱ्या गरजेच्या दारातून. समाधान दोघांनाही दारात मिळाले नाही. आत जाऊन, काम हातात घेऊन, ते चांगले करता करता ते त्यांना लाभले. दोर वळताना पहिला पीळ सैल बसतो, हात बसला की दोर घट्ट होत जातो. समाधानाचेही तसेच आहे.

मग मिळेल ते निमूट करावे काय?

माझ्या उपदेशात खोट होती ती येथे. कायक म्हणजे मिळेल ते काम मुकाट्याने करीत राहणे, असा अर्थ आपण सोयीने करतो. धनी नोकराला तसे सांगतो, बाप मुलाला सांगतो. पगार बुडविणाराही कायकाची महती गातो! शरणांनी असे कोठे सांगितले?

शरणांच्या काळी कोणी काय करावे हे जन्मानेच ठरलेले होते. तेथे त्यांनी कायक सांगितले, ते जन्माची बेडी तोडण्यासाठी. मोळिगेय मारय्या हे काश्मीरचे राजे होते अशी परंपरा आहे. कल्याणला येऊन त्यांनी मोळ्या विकल्या, पत्नी महादेवी सोबत होती. ती मोळी कोणी त्यांच्या डोक्यावर लादली नव्हती, त्यांनी ती आपण होऊन उचलली. तेव्हा मुलाने निवड करावी, यात शरणतत्त्वाच्या विरुद्ध काही नाही. निवड कशाच्या आधारे करावी, एवढाच प्रश्न उरतो. तरुण वाचकहो, त्यासाठी मी चार कसोट्या आपणांपुढे ठेवतो.

पहिली कसोटी: या कामावाचून कोणाचे अडते? अंबिगर चौडय्या नाव चालवीत. ती नाव नसेल तर नदीच्या या तीरावरचा माणूस या तीरावरच राहील. त्या मुलाने नाकारलेले पाणी तपासण्याचे काम घ्या. ते नीट झाले नाही तर कोणा गावाची लेकरे आजारी पडतील. मन रमणार नाही असे तो म्हणाला, पण ते पाणी पिणार कोण, हे त्याच्या डोळ्यांपुढे आले नव्हते. कामाच्या पलीकडचा माणूस दिसू लागला की रुक्ष कामातही जीव येतो.

दुसरी कसोटी: यात कोणाला फसवावे लागते काय? आयदक्की मारय्या वेचलेल्या तांदळावर दासोह चालवीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते घरात घेतले नाहीत, जेथून आणले तेथे परत टाकून या म्हणाल्या. घरी येणारे जास्तीचे धान्य नाकारणारी ही गृहिणी! आज आपण मुलाला पगार किती विचारतो, वर किती हेही विचारतो. ज्या कामात वरच्यावाचून भागत नाही, ते पद कितीही मोठे असो, कायक होऊ शकत नाही.

तिसरी कसोटी: यात मला शिकण्यास जागा आहे काय? पाच वर्षांनी मी आजच्यापेक्षा जाणता होईन असे काम असेल, तर आरंभीचा पगार कमी असला तरी चालेल. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आता अभियंतेच काय, इतर पदवीधरही उमेदवारी करू शकतात आणि त्यांना विद्यावेतन मिळते. आपल्या किती मुलांनी त्याची चौकशी केली? आणि जेथे शिकण्यासारखे काही उरले नाही, तेथून निघणे हा कायकाचा अपमान होत नाही. मंगळवेढ्याहून बसवण्णाही कल्याणला गेलेच.

चौथी कसोटी: कामाचे योग्य दाम मिळते काय, आणि त्यातून दासोहाला काही उरते काय? नुलिय चंदय्यांची कथा आहे की दोराला वाजवीपेक्षा फार मोठे मोल आले, तेव्हा त्यांनी ते घेतले नाही. जास्त घ्यायचे नाही, तसे कमीही घ्यायचे नाही. वाजवी दाम हा कायकाचा भाग आहे. दामच मिळाले नाही तर दासोह कशाने करावा? म्हणून योग्य पगार मागताना संकोच करू नका. आणि दासोह म्हणजे मठात पंगत घालणे एवढेच समजू नका. त्या मुलाने प्रयोगशाळेच्या पगारातून बहिणीची फी भरली असती, तर तोही दासोहच झाला असता.

परीक्षा द्याव्या, पण किती?

स्पर्धा परीक्षा देऊ नका असे मी म्हणणार नाही. चिंतामणराव परीक्षेतूनच पुढे आले. परंतु नागरी सेवा परीक्षेस लाखांनी मुले बसतात आणि जागा साधारण हजारभर निघतात, हे ध्यानात असू द्यावे. सर्वसाधारण गटासाठी सरकारनेच सहा प्रयत्नांची आणि ३२ वर्षे वयाची मर्यादा घातली आहे. सरकारला मर्यादा कळते, मग आपल्या घराला का कळू नये? किती प्रयत्न, किती वर्षे, किती पैसा, हे बाप-लेकांनी आरंभीच समोरासमोर बसून ठरवावे. त्या काळातही दिवसाचे चार तास काही काम करावे. रिकाम्या हाताने केलेला अभ्यास मनाला पोखरतो, हे मी पुष्कळ मुलांच्या चेहऱ्यांवर पाहिले आहे. आणि ठरलेली मर्यादा संपली की मान खाली न घालता दुसऱ्या दाराने आत जावे. परीक्षेत नापास होणे म्हणजे जन्मात नापास होणे असे समजणाऱ्याने आपली किंमत एका गुणपत्रिकेला विकली, असे म्हणावे लागेल.

आपल्याकडून काय चुकते?

आता शेवटचे सांगतो, ते मुलांना नाही. तुम्हां-आम्हां आईबापांना आहे. मुले दारात का अडकतात? आत गेल्यावर लोक काय म्हणतील याचे भय त्यांना असते, आणि ते लोक आपणच असतो. सोयरीक जमविताना आपला पहिला प्रश्न असतो, मुलगा सरकारी नोकरीत आहे का? तारतंत्री आहे, गवंडी आहे, स्वतःचे दुरुस्तीचे दुकान आहे म्हटले की आपण चहा पिऊन उठतो. त्याच्या हाताला कारकुनापेक्षा जास्त पैसा असतो, हे ठाऊक असूनही उठतो! मेदर केतय्या बुरूडकाम करीत, मडिवाळ माचय्या कपडे धूत. त्यांच्या तसबिरीपुढे आपण हात जोडतो आणि त्यांच्यासारख्याच्या घरी मुलगी देत नाही. मग मुलाने कायकाचे प्रवचन आमच्या तोंडून का ऐकावे?

त्या मुलाचा मला परवा फोन आला. त्याने एक शेवटचा प्रयत्न ठरविला आहे आणि तोवर एका लहानशा औषध कारखान्यात तपासणीचे काम धरले आहे. मन रमते का, असे मी विचारले. तो म्हणाला, "काका, अजून सांगता येत नाही. पण पहिल्या पगारातून बहिणीचा फॉर्म भरला, त्या रात्री झोप चांगली लागली." समाधानाची याहून खरी खूण मला तरी सांगता येणार नाही.

माझे काय, असे आपण विचाराल. मुलगा बारावीत आहे. विद्यानगरहून आल्यावर एका संध्याकाळी त्याला जवळ बसवून प्रथमच विचारले, "तुला काय करावेसे वाटते?" तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "खरे सांगू का, की तुम्हाला चालेल ते सांगू?"

वाचकहो, हे वाक्य आपल्या घरात कोणाच्या ओठांवर अडकून आहे का, ते पाहावे. आणि ते बाहेर आले तर लक्कम्मांप्रमाणे आपल्या प्रतिष्ठेचे जास्तीचे तांदूळ परत टाकून यावे. एवढेच मागणे.

शरणु शरणार्थ.